पितृपक्ष ते दिवाळी : दारात उतरणाऱ्या पक्ष्यांचं वेळापत्रक

स्थलांतरित पक्षी बघायचे म्हणजे थंडीत भिगवणला जायचं, होडीत बसायचं आणि रोहित पक्ष्यांचे (फ्लेमिंगोंचे) फोटो काढायचे, अशी पुण्या-मुंबईकडे पक्की समजूत आहे. भिगवण सुंदर आहे, वादच नाही. पण जानेवारीत तिथं दिसतात ते पोहोचून स्थिरस्थावर झालेले, निवांत चरणारे पक्षी. खरी ये-जा चालते ती त्याच्या कितीतरी आधी, ऑगस्टच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. आणि ती बघायला गाडी काढावीच लागते असं नाही.

भाद्रपद संपत आलेला असतो, पाऊस अजून पुरता गेलेला नसतो. सोसायटीच्या गच्चीवर टाकीजवळ साचलेल्या पाण्याशी एक सडपातळ पक्षी उतरतो. पाठ राखाडी, शेपटीखाली लिंबासारखा पिवळा रंग, शेपूट अंगाच्या मानाने भलतंच लांब आणि सतत वर-खाली हलणारं. लगबगीनं चालतो, मध्येच माशीमागे धावतो आणि उडताना ‘चिट्-चिट्’ असा तीक्ष्ण आवाज टाकत जातो. हा करडा धोबी. हिमालयातल्या किंवा त्याच्याही उत्तरेच्या खळाळत्या ओढ्यांकाठी वीण आटोपून तो इथवर आलेला असतो. आपल्याकडे हिवाळ्यासाठी येणाऱ्यांच्या अगदी पहिल्या फळीत याचा नंबर लागतो. मात्र नदीवरच्या खडकांवर बारा महिने दिसणारा काळा-पांढरा कवड्या धोबी वेगळा, तो इथलाच रहिवासी. दोघांची गल्लत केली की ‘यंदा जुलैतच धोबी आले’ अशा बातम्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतात.

थंडीला घाबरून नव्हे

पक्षी थंडीला कंटाळून आपल्याकडे ऊन खायला येतात, हे उत्तर शाळेत चालतं. पण पिसं हे थंडीवरचं जबरदस्त पांघरूण आहे आणि कित्येक पक्षी बर्फातच हिवाळा काढतात. अडचण होते ती खाण्याची. सैबेरियात किंवा तिबेटच्या पठारावर ऑक्टोबरनंतर किडे दिसेनासे होतात, तळी गोठतात, चिखल दगडासारखा घट्ट होतो. चिखलात चोच खुपसून जगणाऱ्या तुतवारानं किंवा पानांवरच्या अळ्या टिपणाऱ्या वटवट्यानं मग करायचं काय? पोट ज्याच्यावर चालतं तेच संपतं, म्हणून निघावं लागतं.

मला उलटा प्रश्न जास्त रंजक वाटतो. इथं एवढं छान जमलेलं असताना ते परत का जातात? कारण मे महिन्यातलं दख्खन आठवा. माळ करपलेले, तळी आटलेली, आणि असेल नसेल त्यावर इथल्या रहिवासी पक्ष्यांची आधीच झुंबड. त्याच वेळी उत्तरेकडे टुंड्रात सूर्य जवळजवळ मावळतच नाही. डासांचे आणि माश्यांचे ढग उठलेले असतात, पिल्लांना भरवायला चोवीस तास उजेड असतो आणि जागेसाठी फारशी मारामारी नसते. ही चंगळ जेमतेम दोन-अडीच महिने टिकते. तेवढ्यात अंडी घालायची, पिल्लं वाढवायची आणि बर्फ पडायच्या आत काढता पाय घ्यायचा. प्रवासात असंख्य पक्षी मरतात, पण पिल्लांचा हिशेब मांडला तर हा आतबट्ट्याचा व्यवहार ठरत नाही. ठरला असता तर ही सवय कधीच मोडून पडली असती.

निघायची वेळ कशी कळते? पहिला गारठा जाणवला की निघायचं, असं केलं तर उशीर होईल. तोवर किडे संपलेले असतील आणि प्रवासापुरती चरबी चढवायला वेळच उरणार नाही. म्हणून पक्ष्याचं शरीर भरवसा ठेवतं तो दिवसाच्या लांबीवर. हवामान लहरी, पण अमुक तारखेला सूर्य किती वेळ दिसणार हे दरवर्षी तेच. कॅनडात विल्यम रोवन यांनी १९२० च्या दशकात याचा फार साधा प्रयोग केला. कडाक्याच्या हिवाळ्यात उघड्यावरच्या पिंजऱ्यांत त्यांनी जंको नावाचे छोटे पक्षी ठेवले आणि रोज संध्याकाळी दिवे लावून त्यांचा दिवस थोडा थोडा लांबवत नेला. बाहेर शून्याखाली तापमान असताना त्या पक्ष्यांची शरीरं वसंत आल्यासारखी विणीसाठी तयार झाली. थंडीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही, उजेडाचं ऐकलं. याखेरीज शरीरात वर्षभराचं एक आतलं घड्याळही चालू असतं. पिंजऱ्यात वाढलेला स्थलांतरित पक्षी हंगाम आला की रात्रभर दांडीवर अस्वस्थ फडफडत राहतो, तोही बव्हंशी त्याच्या जातीनं ज्या दिशेला जायचं त्याच दिशेला तोंड करून.

दिवसाची लांबी महिना ठरवते. नेमकी रात्र ठरवतो वारा. मागून वारा मिळाला तर तेवढ्याच चरबीत कितीतरी जास्त अंतर कापता येतं. आपल्याकडचा परतीचा पाऊस इथं महत्त्वाचा. साधारण सप्टेंबरच्या मध्यावर मान्सून राजस्थानातून मागे फिरू लागतो आणि ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मुंबई-पुणे सोडतो. नैर्ऋत्येचे वारे थंडावतात, आकाश उघडतं, हळूहळू ईशान्येकडून वारा सुरू होतो. उत्तरेकडून येणाऱ्यांसाठी यापेक्षा चांगला मुहूर्त नाही. हस्ताचा पाऊस दोन-चार दिवस झोडपून गेला आणि पहाटे लख्ख उघडलं, की त्या सकाळी दुर्बीण घेऊन निघावंच. पावसानं अडकवून ठेवलेले पक्षी एकदम सुटलेले असतात.

सात-आठ ग्रॅमचा जीव आणि रात्रीचा प्रवास

निघण्याआधीचे काही आठवडे पक्षी अक्षरशः खा-खा खातात. कातडीखाली, पोटावर, गळ्याच्या खळीत चरबी साठते. लांब पल्ल्याच्या काही छोट्या पक्ष्यांचं वजन जवळजवळ दुप्पट होतं. माणसानं असं केलं तर डॉक्टर दम देतील. चरबीच का, तर एक ग्रॅम चरबीतून कर्बोदकांच्या किंवा प्रथिनांच्या दुपटीहून जास्त ऊर्जा मिळते आणि ती जळताना पाणीही तयार होतं. काही चिखलपक्षी, म्हणजे तुतवारासारखे चिखलात खाणं शोधणारे पक्षी, याच्या पुढे जातात: निघण्याआधी त्यांचं जठर आणि आतडी आक्रसतात, कारण हवेत जेवायचंच नाही तर ते ओझं वाहायचं कशाला? २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये उपग्रह-टॅग लावलेला, जेमतेम पाच महिन्यांचा एक गॉडविट हा लांब चोचीचा चिखलपक्षी अलास्कातून निघाला आणि ११ दिवसांनी १३,५६० किलोमीटरवर टास्मानियात उतरला. मध्ये कुठंही न थांबता, पॅसिफिक महासागरावरून. ही जात आपल्याकडच्या मालगुजाची चुलतबहीण.

आपल्या अंगणातलं उदाहरण मात्र याहून छोटं आणि मला जास्त प्रिय आहे. ऑक्टोबरमध्ये आंब्याच्या किंवा वडाच्या दाट पानोऱ्यातून ‘चिस्-ली, चिस्-ली’ असा आवाज दिवसभर येत असतो. बघायला गेलं तर पानाच्याच रंगाचं काहीतरी हलतं आणि गायब होतं. हा हिरवट वटवट्या. भुवईवर फिकट पट्टा, पंखावर एक पुसटशी आडवी रेघ, बाकी ओळखीची खूण म्हणावी असं अंगावर काही नाही. नवख्यांचा हिरमोड करणारा पक्षी. वजन सात-आठ ग्रॅम. एवढ्या ऐवजावर तो हिमालय किंवा मध्य आशियाकडून येतो आणि वसंतापर्यंत इथं मुक्काम ठोकतो. हिवाळ्यातही प्रत्येक जण आपापला झाडांचा पट्टा राखून असतो आणि दिवसभराची ती ओरड म्हणजे शेजाऱ्याला दिलेली तंबी असते. आवाज एकदा कानात बसला की लक्षात येतं, आपल्या रस्त्यावर असे चार-पाच तरी आहेत आणि गेली कित्येक वर्षं ते असेच येऊन गेले असणार.

एवढे पक्षी येतात तर येताना दिसत का नाहीत? कारण वटवटे, माशीमार, खाटीक, शिवाय बरेचसे चिखलपक्षी आणि बदकं रात्री उडतात. रात्री हवा गार आणि शांत असते, शरीर तापत नाही, ससाण्यांचा धोका कमी, आणि दिवस खाण्यासाठी मोकळा राहतो. गरुड, करकोचे यांचं उलटं. रुंद पंख पसरून तरंगायला त्यांना तापलेल्या जमिनीवरून उठणारे हवेचे झोत लागतात, ते सूर्य वर आल्याशिवाय मिळत नाहीत. ऑक्टोबर हीटचा आपल्याला कितीही वैताग येवो, या मंडळींची तिच्यावरच मदार असते.

रात्रीचा हा प्रवास बघायची एक जुनी युक्ती आहे. टेलिस्कोप किंवा स्पॉटिंग स्कोप पूर्ण चंद्रावर रोखायचा आणि चंद्रबिंबावरून सरकणारे ठिपके मोजायचे. अमेरिकेत जॉर्ज लोअरी यांनी या पद्धतीला शास्त्राचं रूप दिलं आणि १९५२ च्या शरदात तिथल्या हौशी निरीक्षकांनी देशभर दुर्बिणी लावून असे ठिपके मोजले. आपल्याकडे तर कोजागरी नेमकी हंगामाच्या ऐन भरात येते. गच्ची असते, आटीव दूध असतं, मंडळी जागीच असतात. फक्त स्कोप असलेला एक शेजारी गाठायचा. काळी आकृती बिंबाच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेला जायला फार तर काही सेकंद लागतात. वटवाघूळही जाऊ शकतं, तेव्हा लगेच टाळ्या पिटू नयेत. नशीब लागतं, पण सरकारी परवाना लागत नाही.

वाट कोण दाखवतं

इथं थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यात थक्क करणारा भाग हा आहे. टुंड्रात वीण करणाऱ्या बऱ्याच चिखलपक्ष्यांमध्ये मोठे पक्षी आधी निघून जातात. पिल्लं मागे राहतात, आणखी काही आठवडे खाऊन तयार होतात आणि मग कधीही न केलेल्या प्रवासाला निघतात. सोबत आई नाही, बाप नाही, वाट पाहिलेली नाही. तरी पोहोचतात.

त्यांच्या अंगात नेमकं काय असतं, हे डच संशोधक पर्डेक यांच्या एका प्रयोगातून उलगडलं. हेगजवळ स्थलांतराच्या वाटेवर असलेल्या ११ हजारांहून जास्त मैना त्यांच्या गटानं पकडल्या, पायांत ओळखीची कडी चढवली आणि विमानानं स्वित्झर्लंडला नेऊन सोडल्या. १९५८ साली निष्कर्ष छापून आले. मोठ्या, अनुभवी पक्ष्यांनी जागा बदललेली ओळखली, दिशा वळवली आणि ते आपल्या नेहमीच्या मुक्कामाकडे, म्हणजे उत्तर फ्रान्स आणि इंग्लंडच्या बाजूला गेले. पहिल्याच प्रवासाला निघालेले तरुण मात्र ठरलेली दिशा धरून सरळ गेले आणि स्पेनमध्ये उतरले. म्हणजे उपजत मिळते ती दिशा आणि अंदाजे अंतर. ठिकाणाचा नकाशा एकदा जाऊन आल्यावर तयार होतो. तो इतका पक्का होतो की कडी घातलेले पक्षी पुढच्या हिवाळ्यात त्याच बागेत, त्याच बांधावर सापडतात.

दिशा धरायला मदत कशाची? सूर्याची, ताऱ्यांची आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाची. स्टीफन एम्लेन यांनी १९६० च्या दशकात बंटिंग जातीचे पक्षी तारांगणात ठेवले. नरसाळ्याच्या आकाराचा पिंजरा, तळाशी शाईचा पॅड. पक्षी ज्या बाजूला उडू पाहील त्या बाजूच्या कागदावर शाईचे पाय उमटत. छतावरचं आकाश फिरवलं तशी पायांची दिशा फिरली. काही पिल्लांना त्यांनी असं खोटं आकाश दाखवून वाढवलं, जे ध्रुवताऱ्याभोवती न फिरता मृगातल्या काक्षी ताऱ्याभोवती फिरत होतं. त्या पिल्लांनी काक्षीलाच उत्तर मानलं. म्हणजे तारे पाठ केलेले नसतात, आकाश कशाभोवती फिरतं हे पिल्लू पहिल्या प्रवासाआधीच शिकतं. चुंबकत्वाचं काम बहुधा डोळ्यातल्या क्रिप्टोक्रोम या प्रथिनामार्फत चालतं असं आज मानलं जातं. तो उलगडा अजून पुरा झालेला नाही, प्रयोगशाळा त्यावर भांडताहेत.

या सगळ्यामुळेच शरदातला हंगाम रेंगाळलेला आणि गोंधळाचा असतो. मार्च-एप्रिलमध्ये परतताना विणीची जागा पटकावायची घाई असते. इकडे येताना तेवढी नाही. शिवाय प्रवाशांत पहिलटकर भरपूर. कुणी वाऱ्यानं भरकटतो, कुणाची दिशा थोडी चुकते. एखादा अनोळखी, यादीत नसलेला पक्षी गावच्या तळ्यावर सापडायची शक्यता म्हणूनच याच दिवसांत जास्त.

कोण कधी

सगळ्यात आधी येतात ते चिखलपक्षी, कारण त्यांचा उत्तरेतला उन्हाळा सगळ्यात आखूड. ऑगस्टमध्येच ठाण्याच्या खाडीत आणि कोकणच्या किनाऱ्यांवर चिखले, तुतवार दिसू लागतात. या पहिल्या तुकड्यांत अंगावर विणीचा विटकरी रंग अजून टिकवून असलेले पक्षी सापडतात. महिनाभरात तो झडतो आणि सगळे एकसारखे मातकट होतात. नंतर ‘हा कोण’ यावर मित्रांशी वाद घालण्यात सकाळी जातात.

खाडीवर वेळ साधणं हेच मुख्य. ओहोटीला पक्षी दूर चिखलात विखुरतात आणि दुर्बिणीतही ठिपकेच राहतात. भरती चढत आली की पाणी त्यांना काठाकडे ढकलतं, किंवा ते आतल्या तळ्यांवर येऊन बसतात. नवी मुंबईत टी. एस. चाणक्यजवळच्या पाणथळीवर पक्षी दाटतात ते असे. भरतीची वेळ काढायला कोकणात जुनं गणित आहे: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. मिनिटाचा हिशेब हवा असेल तर मोबाइलवर तक्ते आहेत, पण रविवारचा बेत ठरवायला कालनिर्णय पुरतं. त्यातही अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी काठापर्यंत येतं, अष्टमीच्या आसपासच्या भांगेला तेवढं येत नाही.

देशावर सप्टेंबर उजाडला की तारांवर माळभिंगऱ्या ओळीनं बसू लागतात आणि भोरड्यांचे थवे येतात, क्वचित त्याही आधी. काळं डोकं, गुलाबी अंग हे पुस्तकातलं चित्र डोक्यात ठेवून गेलात तर फसाल. या थव्यांत मातकट रंगाची, पिवळट चोचीची पिल्लंच भरपूर असतात आणि दुरून ती फिकुटलेल्या साळुंक्यांसारखी दिसतात. मध्य आशियात टोळ आणि नाकतोडे असतील तिथं भोरड्या घाईघाईनं वीण उरकतात, म्हणून लवकर मोकळ्या होतात. पुढं ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर चढून गोफण फिरवणाऱ्याची आणि यांची जुनी लढाई सुरू होते. त्या शेतकऱ्याला स्थलांतराचं कौतुक सांगायला जाऊ नये. नुकसान खरं असतं, तशाच भोरड्या कीडही खूप मारतात, आणि हा हिशेब त्याला आपल्यापेक्षा चांगला माहीत असतो.

सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा काळ वाटसरूंचा. हे पक्षी इथं राहायला आलेलेच नसतात. मध्य आशियातून आफ्रिकेला जाताना काही दिवस टेकतात. सासवड, इंदापूरकडच्या माळांवर तारेवर युरोपीय नीलपंख मिळाला तर तो याच वाटेवरचा. डोकं, मान, छाती सगळं फिकट आकाशी आणि पाठ विटकरी. आपल्या नेहमीच्या नीलपंखाची छाती तांबूस तपकिरी असते, तिच्यावर पांढरट रेघा असतात. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो हा. माझ्या मते देशावरच्या पक्षिनिरीक्षणातला सर्वांत उपेक्षित पंधरवडा हाच. सगळे पाण्याकडे धावतात आणि ‘ओसाड’ माळ रिकामा आहे असं समजतात.

त्याच माळांवर भोवत्ये हे शिकारी पक्षीही उतरतात. गवतावरून पुरुषभर उंचीनं, पंख जरासे वर धरून, डावी-उजवीकडे झुकत तासन्‌तास घिरट्या घालायच्या आणि नाकतोडे, उंदीर, छोटे पक्षी उचलायचे. संध्याकाळी ते झाडावर जात नाहीत, उंच गवतात जमिनीवरच गटानं झोपतात. गवताला आग लावली किंवा तिथं प्लॉट पडले, की त्यांचं रात्रीचं घर जातं.

बदकं सावकाश, ऑक्टोबरपासून पुढं, आणि पट्टकादंब बहुतेक नोव्हेंबरनंतर. पाणी गोठेपर्यंत त्यांना उत्तरेत खायला मिळत राहतं. हिमालय ओलांडताना टॅग लावलेला पट्टकादंब ७,२९० मीटर उंचीवर नोंदला गेला आहे. त्याच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विरळ हवेतला प्राणवायू इतरांपेक्षा घट्ट पकडतं, आणि तरीही तो शक्यतो दरीच्या उतारांना धरून खाली-वर होत जातो, उगाच उंची गाठत नाही. सुरुवातीची बदकं बघताना पुस्तक बाजूला ठेवलेलं बरं. नरांनी विणीनंतर रंगीत पिसं टाकलेली असतात आणि ते माद्यांसारखेच तपकिरी दिसतात. भुवई बदकाच्या नराची ती ठसठशीत पांढरी भुवई तर हिवाळा सरत आल्यावर परतते. तोवर आकार बघायचा: थापट्याची पसरट फावड्यासारखी चोच, तलवार बदकाची लांब मान आणि टोकदार शेपूट.

पुण्याजवळ कवडीपाटच्या जुन्या बंधाऱ्यावर धोबी, तुतवार, पुढं चक्रवाक असे पुष्कळ पक्षी सहज दिसतात. पाण्यावर फेस असतो, वास येतो, जलपर्णी तर विचारूच नका. मग पक्षी कसे? सांडपाण्यानं माजलेल्या चिखलात किडे-अळ्या मुबलक, म्हणून. तेव्हा पक्षी आले म्हणजे नदी सुधारली, असा दाखला कुणी देऊ लागला तर तो नम्रपणे परत करावा.

आणि भिगवणचे रोहित दिवाळीत का नसतात? पावसानंतर भिगवणला लागून असलेलं उजनी धरण तुडुंब असतं, काठचा उथळ चिखल पाण्याखाली. रोहिताला गुडघाभर पाण्यात मान उलटी घालून गाळायचं असतं. आवर्तनं सुटून पाणी उतरू लागलं की चिखल उघडा पडतो आणि मग ते येतात. तिथं सैबेरियातल्या बर्फाइतकंच पाटबंधाऱ्याचं वेळापत्रक महत्त्वाचं ठरतं.

नोव्हेंबरमध्ये एक छोटा, पारव्याहूनही लहान ससाणा महाराष्ट्रावरून जातो. अमूर ससाणा, वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. ईशान्य चीन, सैबेरियात वीण, हिवाळा आफ्रिकेच्या दक्षिणेत. वाटेत नागालँड-मणिपूरमध्ये लाखोंनी थांबतो. डोयांग जलाशयाजवळ २०१२ मध्ये जाळी लावून त्यांची प्रचंड कत्तल झाल्याचं उघड झालं. गावकऱ्यांनी, चर्चनं आणि वनखात्यानं मिळून पुढच्याच वर्षी ती थांबवली, आणि त्याच वर्षी तिथल्या पक्ष्यांना उपग्रह-टॅग लागले. ईशान्येतून निघाल्यावर ते भारताचं द्वीपकल्प आडवं ओलांडतात आणि अरबी समुद्र एका दमात पार करतात. लोणावळ्याच्या पठारांवर त्यांचे गट चतुर पकडताना दिसतात, पायात धरून उडता उडताच खातात. याच दिवसांत पिवळट रंगाचे चतुरही भारताकडून हिंद महासागरावरून आफ्रिकेकडे जातात, असं मालदीवमधल्या नोंदींवरून चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडलं. समुद्रावर ससाण्यांची शिदोरी हीच असावी, अशी बऱ्याच जणांची अटकळ आहे.

बघायचं कसं

एक जागा धरा. घरापासून चालत जाता येईल अशी टेकडी, तळं, कॅनॉल, कॉलेजचं मैदान, काहीही. त्याच जागी आठवड्यातून दोन-तीनदा, उजाडल्यापासून दीड तास. लांबच्या प्रसिद्ध जागी एकदा जाऊन पन्नास जाती बघितल्या तर यादी वाढते. पण पांढरा धोबी अमुक दिवशी आला, थिरथिरा दिवाळीच्या आसपास अचानक कुंपणावर शेपटी थरथरवत बसलेला दिसला, हे रोजच्या जागीच कळतं. दुर्बीण ८×४२ ची घ्यावी. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. जास्त पटीच्या दुर्बिणीत हात हलतो आणि पानातला वटवट्या सापडतच नाही.

जवळ जायचा मोह आवरावा. दमून उतरलेला थवा होडीमुळे किंवा ड्रोनमुळे उठला की साठवलेली चरबी त्या उडण्यात जाते आणि खाण्याचा वेळही बुडतो. फोटोसाठी नावाड्याला ‘अजून थोडं पुढे’ म्हणणारे आपणच असतो. गेटवेच्या लाँचवरून कुरवांना शेव-गाठ्या फेकणंही तसलंच. पक्षी गोळा होतात, फोटो छान येतो, पण मीठ-तेलात तळलेलं बेसन हे काही त्यांचं अन्न नाही.

नोंद मात्र जरूर ठेवा, वहीत किंवा ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर, म्हणजे मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसापासून सलीम अली यांच्या जन्मदिवसापर्यंत, पक्षी सप्ताह असतो आणि त्यात ठिकठिकाणी फेऱ्या निघतात. सुरुवात करायला ते सोयीचं आहे. ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी जगभर एकाच दिवशी याद्या भरल्या जातात, त्यातही भाग घेता येतो. यादी पूर्ण द्या. फक्त खास पक्षी न लिहिता कावळा, पारवा, साळुंकी, जे ओळखू आलं ते सगळं लिहा, किती वेळ आणि किती अंतर चाललात तेही. पूर्ण यादीत करडा धोबी नसला तर त्या दिवशी तिथं तो दिसला नाही, एवढं निश्चित कळतं. अर्धवट यादीत तो दिसला नाही की लिहायचा राहिला, हे कुणालाच सांगता येत नाही. आगमनाची तारीख काढायची असेल तर पहिल्या धोब्याच्या आधीच्या आठवड्यातल्या, धोबी नसलेल्या याद्याही तितक्याच लागतात, म्हणून गणपती उठले की लगेच सुरुवात करा.